आईची केमो चालू आहे आणि ती दुसऱ्यांसाठी झोळ्या शिवतेय, तिला थांबवू का?

पुण्याहून एका मुलीचा मेसेज आला होता. ताई, माझ्या आईबाबांना आता तुम्हीच समजवा, आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं, केमोचे दोन डोस झाले आणि हे दोघं घरी आराम करायचं सोडून आठवड्यातनं चार-चार दिवस हॉस्पिटलात जाऊन बसतात, ते पण स्वतःच्या ट्रीटमेंटला नाही, दुसऱ्यांच्या मदतीला. मागच्या डोसनंतर आईला ताप येऊन अॅडमिट करावं लागलं. मी ओरडले की बाबा फोन ठेवून देतात. हे असं चालतं का?

थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

काका-काकू, म्हणजे या मुलीचे आईबाबा, इंदूरचे, रामबागेतले. काका रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, बरीच वर्षं महूला. ऑपरेशननंतर तीनेक आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं काकूंना घेऊन काका आलेत, पण झालं होतं उलटंच. काकू बसल्या बसल्या म्हणाल्या, माझं मी बघून घेईन हो, पण हे दिवसभर माझ्यामागे थर्मामीटर घेऊन फिरतात आणि रात्री बाथरूमचा नळ सोडून रडतात, यांचं काहीतरी करा. काका खाली मान घालून बसले होते. बऱ्याच वेळाने एवढंच बोलले, इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून लोकांची कामं केली, आता हिच्यासाठी मला काहीच करता येत नाहीये.

त्या दिवशी काकूंच्या पिशवीत एक झोळी होती, ती त्यांनी मला दाखवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या ऑपरेशननंतर आत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून काखेजवळून एक नळी काढलेली असते, तिच्या टोकाला प्लास्टिकची डबी, तिच्यात लालसर पाणी जमा होतं. एक-दोन आठवडे, कधी जास्तही, ती सोबत घेऊन फिरायचं. काकूंनी सुरुवातीला ती डबी किराण्याच्या पन्नीत घालून गाउनला सेफ्टी पिनने अडकवली होती, पिन सुटली, नळीला हिसका बसला, कळ अशी गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग घरी आल्यावर काकांच्या जुन्या सुती लेंग्यातनं गळ्यात अडकवायची झोळी शिवून घेतली. नळी निघाल्यावर धुऊन पिशवीत ठेवली होती. पुढच्या तपासणीला गेल्या तर बाकावर शेजारी बडवानीकडची एक बाई, डबी हातात धरलेली, वरून पदर. काकूंनी झोळी तिच्या गळ्यात घातली. दोन्ही हात मोकळे झाल्याबरोबर त्या बाईने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. काकू हे सांगताना स्वतःच्या डोक्यावर हात फिरवत होत्या.

त्याच बाकावर पुढे काकांचं पण काम निघालं. एकाला बायकोला घेऊन मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं होतं, अवंतिका एक्सप्रेसने, आणि तो दोघांची पूर्ण भाड्याची तिकिटं काढून बसला होता. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये शंभर टक्के सूट आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं आणि काउंटरवर द्यायचं. २०२० मध्ये सिनिअर सिटिझनची सूट बंद झाली तेव्हापासून लोकांना वाटतं सगळ्याच सवलती गेल्या. काकांनी तिथल्या तिथे त्याचं तिकीट रद्द करायला लावलं, फॉर्म भरून दिला, सही कुठे घ्यायची ते दाखवलं. घरी येताना रिक्षात पहिल्यांदा आजार सोडून दुसरं काहीतरी बोललो, असं काकू म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हटलं, करा, जरूर करा. इथे माझी चूक झाली, किती दिवस, कुठे बसणार, केमोच्या कितव्या दिवशी, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या डोसनंतर नवव्या दिवशी काकू गर्दीच्या ओपीडीत तीन तास बसल्या, रात्री १०१ ताप, पांढऱ्या पेशी एकदम खाली, चार दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. ताप त्या गर्दीमुळेच आला असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण त्या दिवशी त्यांनी तिथे असायला नको होतं हे नक्की.

म्हणून मुलीला मी आधी हेच लिहिलं की तुझी भीती खरी आहे. आईंना दर २१ दिवसांनी जी केमो मिळतेय तिच्यात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्या दिवसांत गर्दी टाळायची आणि १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. पण थांबवू का, याला माझं उत्तर नाही असंच आहे. फ्रँक रिसमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्येच मांडलंय की मदत करणाऱ्याला मदतीचा फायदा होतो, बरेचदा घेणाऱ्यापेक्षा जास्त. आजारी माणसाला दिवसभर सगळे देतच असतात, गोळी, पाणी, उशी, सल्ला, आणि आपल्या हातून कोणाला काही मिळतं ही गोष्ट त्याच्या आयुष्यातनं अचानक निघून जाते. ती परत आली असेल तर काढून घेऊ नये.

मग कालनिर्णय मधे ठेवून आम्ही चौघांनी, मुलगी फोनवर, दिवस ठरवले. सातवा ते चौदावा दिवस फुल्या, काकू घरीच. बाकी दिवसांत आठवड्यातनं दोनदाच, सकाळी दीड तास, तेही डॉक्टरांनी रिपोर्ट बघून हो म्हटलं तर. फुल्यांच्या दिवसांत काका एकटे जाऊन फॉर्म भरणार, मास्क लावून, घरी आल्यावर आधी आंघोळ. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई टोचायला नको म्हणून अंगुस्तान घालायचं आणि शक्यतो मशीनवरच शिवायचं.

एक गोष्ट मी काकूंकडून शिकले. ती बडवानीची बाई काही महिन्यांनी गेली. काकूंनी मशीनवर चादर टाकली, दहा-बारा दिवस हात लावला नाही. काका घाबरून मला फोन करायला लागले, तिला परत कामाला लावा, ती खचेल. मी म्हटलं, लावणार नाही. तिला रडू दे, तुम्ही शेजारी बसा. काकूंशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, मी तिच्यासाठी रडतेय की माझ्यासाठी तेच कळत नाहीये. त्यादिवशी त्या पहिल्यांदा स्वतःच्या मरणाबद्दल बोलल्या, काकांसमोर, आणि काकांनी नळ सोडला नाही, तिथेच बसून रडले. मदतीच्या नादात स्वतःचं दुःख मागे ढकललं जातंय का, हे घरच्यांनी बघायचं असतं, आणि सारखी धावपळ, घरी असलं की गप्प, झोप नाही, असं दिसलं तर थकव्याइतकंच ते पण गांभीर्याने घ्यायचं.

पुढे दुसऱ्या औषधाची साप्ताहिक केमो सुरू झाली आणि काकूंच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली, सुई धरली की नाही तेच समजेना. डॉक्टरांना सांगितलं, डोसकडे त्यांनी लक्ष दिलं. हातशिलाई मात्र काकांकडे गेली. ते धावदोरा शिकले. वाकडातिकडा येतो, काकू उसवायला लावतात, ते उसवतात.

मुलगी दिवाळीत आली तेव्हा जुन्या सुती साड्यांचा गठ्ठा घेऊन आली. परवा तिचा परत मेसेज, तिच्या ऑफिसातल्या एकीच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे, झोळीची नाडी किती लांब ठेवायची. मी काकूंना विचारून कळवलं, सव्वा मीटर, बाई उंच असेल तर दीड.