टोकन द्यायच्या आधी वॉरंटीची वही वाच

अगं पोरी,

तुझा मेसेज काल रात्री बघितला, फोटो पण बघितले. म्हणजे एकीकडे कोरी कावासाकी निंजा 650 आणि दुसरीकडे जवळपास तेवढ्याच पैशात पुण्याची चार वर्षं वापरलेली निंजा 1000 एसएक्स, आणि तुझं मन हजारवर गेलंय हे तू लिहिलं नसतंस तरी कळलं असतं, तिचे फोटो नऊ आणि 650 चा एक.

आधी पैशाचं बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या बाइकला जीएसटी 40 टक्के झालाय, त्याखाली 18. एक्स शोरूम सात लाखाची गाडी धरलीस तर त्यातले दोन लाख निव्वळ जीएसटी, वर आरटीओ आणि इन्शुरन्स. हे पैसे विकताना कोण परत देणार? पहिल्या मालकाने ते सोसलेत म्हणून जुनी हजार स्वस्त दिसते, आणि तुझा हिशोब इथपर्यंत बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही.

पण मग तू पुढे लिहिलंयस की 650 घेतली तर वॉरंटी आहे, म्हणजे काय टेन्शनच नाही. इथे थांब जरा.

माझी जुनी निळी दोन सिलिंडरची ट्विन आठवते ना, तिच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक टिक. बॅटरी तर ठणठणीत. सीट काढली, खालचा एक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, ओढून सोडवला तर पिनांवर हिरवा चूर, न घासलेल्या तांब्याच्या कळशीवर चढतो ना तसा, बोटाला लागला. म्हटलं वॉरंटीत आहे, आपल्याला काय. टेम्पोत घातली, कुंभार्ली घाट चढवून नेली, आणि काउंटरवरच्या मुलाने शांतपणे वॉरंटीची वही उघडून पान पुढे केलं, गंज आणि हवापाण्यामुळे झालेलं नुकसान यात येत नाही. मी भांडलो बरंच. पण वही माझीच होती, दीड वर्ष सीटखाली पडलेली, आणि मी ती एकदा पण उघडली नव्हती. वायरिंगचे पैसे गेले, टेम्पोचे गेले, आणि तुझी काकू अजून ऐकवते ते वेगळंच.

म्हणजे कारखान्यात राहून गेलेली चूक कंपनी भरून देते, आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेचं आपलं आपण बघायचं. ब्रेक पॅड, चेन, स्प्रॉकेट, क्लच प्लेट हे झिजणारं सगळं तुझं. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा त्या त्या कंपनीची. पाण्यात बुडाली तर इन्शुरन्स, आणि तिथेही बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत क्लेमची मारामार होते, म्हणून झिरो डेपबरोबर (क्लेममधून घसारा न कापणारं कव्हर) इंजिन प्रोटेक्ट पण घे. चिपळूणचा जुलै 2021 चा पूर लांबून बघितलायस ना तू.

अजून एक गोष्ट शोरूमवाला सांगणार नाही. वॉरंटी एवढी वर्षं किंवा एवढे किलोमीटर, जे आधी संपेल ते. आता तुझी टूरिंगची गाडी जून ते सप्टेंबर किती चालणार? होड्या 1 जूनला वर ओढतात त्या 31 जुलैनंतर तरी पाण्यात जातात, आपली गाडी गणपती होईपर्यंत पडवीतच. समज वॉरंटी तीन वर्षांची असली तर त्यातलं एक वर्ष ताडपत्रीखालीच गेलं की! आणि ताडपत्री घट्ट बांधू नकोस बाई, आतल्या दमटपणाने जास्त गंजते. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत तिला पण धर, गोड्या पाण्याने धुवून, कोरडी करून, चेनला ल्यूब, कपलरना पाणी आत शिरू न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस.

मग सर्व्हिस. सेंटर घाटावर, कोल्हापूर जरी धरलंस तरी रत्नागिरीहून एका बाजूला 130 किमी, आंबा घाट चढून. पहिली सर्व्हिस हजार किमीच्या आसपास असते, म्हणजे त्या हजारातलं पाव रनिंग जाऊन येऊन त्या एका फेरीतच. सुट्टी नाही म्हणून सर्व्हिस पुढे ढकललीस की क्लेमच्या वेळी त्यांना आयतं कारण मिळतं. फॉग लाइटसाठी बाहेर वायर कापून घेतलीस तरी तेच. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर मूळची संपायच्या आत, आणि ती कंपनीची आहे का डीलरची का तिसऱ्याच कोणाची, ते लेखी घे.

तरी हजार बघायला जाणारच आहेस, तर जा. पुण्याची एमएच-12 आहे हे चांगलं, आपल्या रत्नागिरीची, खाऱ्या हवेतली एमएच-08 असती तर मी नकोच म्हटलं असतं. पुढच्या शॉकअपच्या (फोर्कच्या) चकचकीत नळीवरून नख फिरव, कुठे अडकलं की तिथे खड्डा, आणि खड्डा म्हणजे ऑइल सील फाटणार. टायरवर चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा, मालक नवीन टायर म्हणेल तेव्हा वाक आणि वाच. इंजिन थंड असताना चालू करायला सांग, आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचार. वॉरंटी उरली असेल तर दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हे डीलरकडून कागदावर घे, मालकाच्या तोंडी नको.

माझं विचारशील तर 650. वजन 196 किलो, हजार जवळजवळ 240, आणि निवळी फाट्यावरून गणपतीपुळ्याकडे उतरताना समोर एसटी आली की ते चाळीस किलो हातात कळतात. हजारचा मागचा टायर 190 मिमी रुंद, बदलायला गेलीस की किंमत ऐकून खाली बसशील. तरी 650 च घे असं नाही, घाट चढून वेळेवर सर्व्हिसला जायचं जमणार नसेल तर 350 च्या आतली, रत्नागिरीतच सर्व्हिस होणारी एखादी बघ, त्यात कमीपणा काही नाही.

रविवारी ये इकडे, 650 ची वॉरंटीची वही शोरूममधून मागून घेऊन ये, देत नसतील तर फोटो काढून आण. तोपर्यंत टोकन देऊ नकोस. जयगडवरून फेरीने येशील तर स्कूटर पुढच्या टोकाला लावू नकोस, सगळे शिंतोडे तिथेच येतात.

तुझा काका