बागेत वटवाघळं वाढली म्हणून वड तोडावा का?

दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या बागायतदारांकडून या हंगामात एकाच विषयावर प्रश्न येत आहेत. काजू, केळी, चिकूच्या बागेत रात्री वटवाघळं उतरतात. दिवसा ती ज्या वडावर लटकतात तो तोडला किंवा फटाके लावून त्यांना हुसकावलं, तर त्रास थांबेल का? आणि वटवाघळांकडून माणसाला होऊ शकणाऱ्या निपाह या विषाणूच्या आजाराची भीती किती?

वड तोडू नका, फटाकेही लावू नका. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली असतात. मोठ्या फळखाऊ वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. आवाजाने थवा उठला की पिल्लं खाली पडतात आणि बाकीचा थवा शेजारच्या वाडीतल्या झाडावर जाऊन बसतो. मॉरिशसमध्ये लिचीच्या बागा वाचवण्यासाठी 2015 आणि 2016 मध्ये सरकारने तीसेक हजारांहून जास्त वटवाघळं मारली, तरी फळांचं उत्पादन काही वाढलं नाही. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळीक असलेल्या, प्राण्यांच्या यादीत होती. ती यादीच 2022 च्या दुरुस्तीने काढून टाकली असून 1 एप्रिल 2023 पासून हा बदल लागू आहे.

आता ती बागेत का येतात ते पाहू. आपल्या भागातली खासगी रानं तोडून तिथे रबर, अननस आणि नुसत्या काजूच्या लागवडी झाल्या. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाला 2013 साली बंदी घालावी लागली, यावरून प्रकरण कुठवर गेलं होतं ते समजा. रानातले उंबर, वड, पायरी यांची झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक झाड संपलं की दुसरं पिकलेलं असतं, आणि त्यावर वटवाघळांचं वर्षभर भागतं. ही झाडं गेली की मधल्या महिन्यांत त्यांना तुमच्या बागेशिवाय काही उरत नाही. म्हणून थवा मोठा दिसला तरी वटवाघळं वाढली असं लगेच समजू नका. बऱ्याचदा चार ठिकाणी विखुरलेली वटवाघळं उरलेल्या एका झाडावर गोळा झालेली असतात.

मला जास्त काळजी वाटते ती मात्र ज्यांची तक्रार कोणी करत नाही त्यांची. मोठं वाघूळ उघड्या माळावरून रात्रीत कित्येक किलोमीटर जातं, त्यामुळे रानाचे तुकडे झाले तरी ते तग धरतं. किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांपैकी काही जाती, विशेषतः नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या, दाट पानोळ्यातच शिकार करतात. त्यांचे पंख आखूड आणि रुंद असतात, आवाजाचा पल्ला कमी असतो. दोन राईंच्या मध्ये मोकळा पट्टा आला की त्या तो सहसा ओलांडत नाहीत. तुडतुडे, पतंग, भुंगे टिपणारी ही फौज गेल्याचं आपल्याला कळतही नाही, फक्त फवारणीचा खर्च वाढतो. तमिळनाडूत वालपराईच्या पठारावर चहाचे मळे, कॉफी आणि जंगलाचे तुकडे शेजारी शेजारी आहेत. तिथल्या अभ्यासात चहाच्या मळ्यांत वटवाघळांची विविधता घटलेली आढळली. देशी झाडांच्या सावलीतली कॉफी मात्र जवळजवळ जंगलाइतकीच उपयोगी ठरली, आणि नदीकाठची झाडी फार मोलाची दिसली.

नुकसान कोणाचं आहे ते आधी ओळखा. सकाळी झाडाखाली जाऊन बघा. वटवाघूळ रस चोखून घेतं आणि चोथा थुंकतं, त्यामुळे चपट्या, कोरड्या, दातांचे ठसे असलेल्या गोळ्या पडलेल्या दिसतील. अर्धवट चावून फेकलेलं फळ आणि मोडलेल्या डहाळ्या म्हणजे माकड. वटवाघळाच्या नावावर येणाऱ्या कितीतरी तक्रारी माकडांच्या निघतात.

काजूत वाघूळ बोंड खातं, बी टाकून देतं. ती बी वाया जात नाही, पण वेचणी रोज सकाळी आणि लांबच्या झाडांखालीही करावी लागते. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवा. झाडावर पिकायला ठेवलेल्या फळांवरच ती येतात. निवडक फळांना कागदी पिशव्या घाला, त्याने फळमाशीही आवरते. केळीचा घड हिरवा असतानाच काढा. चिकूला जाळं लावायचं असेल तर मासेमारीचं पातळ नायलॉन जाळं झाडावर सैल टाकू नका, त्यात वटवाघळं आणि घुबडं अडकून मरतात. पांढरं, करंगळी आत जाणार नाही इतक्या बारीक डोळ्यांचं जाळं सांगाड्यावर ताणून बसवा.

ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी राखा. ज्यांच्या बागा देवराईपासून तुटलेल्या आहेत त्यांनी बांधावर उंबर, जांभूळ, बकुळ, उंडी लावून मधला उघडा पट्टा भरून काढावा. उंडीच्या बिया तर वाघळंच दूरवर नेऊन टाकतात, हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक आहे. गुहेत किंवा ढोलीत धूर करू नका.

निपाहबद्दल: केरळात 2018 साली कोझिकोडला साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये या विषाणूच्या खुणा सापडल्याचं 2021 मध्ये जाहीर केलं. म्हणून सावध राहा, घाबरू नका. उष्टावलेलं फळ खाऊ नका, गुरांनाही घालू नका. पडलेली फळं हातमोजे घालून उचला आणि खड्ड्यात पुरा. फळं धुऊन, सोलून खा. माड-माडीची भांडी रात्री झाकून ठेवा. मेलेल्या वटवाघळाला हात न लावता वनविभागाला कळवा. एकाच झाडाखाली बरीच मेलेली दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही त्याच दिवशी सांगा.