वकीलताईंना विचारा : पोलीस नाही, मग हा कायदा कसला?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की हेगचं कोर्ट, म्हणजे नेदरलँड्समधलं, देशादेशांतले वाद ऐकणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय, अगदीच शोभेचं नाहीये, आणि त्यावर एवढे मेसेज आले की या वेळी सातबारा, भाडेकरू, पोटगी सगळं बाजूला ठेवलंय. ज्यांचे वारसनोंदीचे प्रश्न राहिले त्यांनी महिनाभर दम धरा, वारसनोंद तशीही महिन्यात होत नाही.

टीव्हीवर रोज ऐकतो, अमक्या देशाने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. पुढे काय? ना अटक ना दंड. ज्याला कोणी भीक घालत नाही त्याला कायदा का म्हणायचं? – निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, ते आधीच सांगून टाकते. १९८६ ला निकाराग्वासारख्या चिमुकल्या देशाने अमेरिकेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हरवलं, बंदरांत सुरुंग पेरले आणि बंडखोरांना पोसलं म्हणून, पण अमेरिकेने निकाल धुडकावला आणि सुरक्षा परिषदेत विषय गेला तिथे व्हेटो मारला. २०१६ ला दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा लागला, चीन म्हणाला आम्ही मानतच नाही, आजही मानत नाही. दांडग्याला हात लावता येत नाही हे खरंय, पण तालुक्याच्या कोर्टातही ते थोडंफार खरंय आणि तरी तिथे कायदाच नाही असं आपण म्हणत नाही.

आणि बातमी कधी होते तेही बघा. कायदा मोडला की होते, पाळला की आतल्या पानावर चार ओळी. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेशचा हद्दीचा वाद होता, बांगलादेशने २००९ ला तो लवादाकडे नेला आणि ७ जुलै २०१४ ला निवाडा आला. वादातल्या साधारण २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्रातला १९,४६७ बांगलादेशला. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश गेला की आपल्या हातातून! आणि तेव्हा दिल्लीने काय केलं, तर मान्य केलं. आपण संत आहोत म्हणून नाही हो. हद्द पक्की नसेल तर तेल-गॅस शोधायला कुठली कंपनी पैसा घालायला धजत नाही, कोळ्यांच्या बोटी धरल्या जातात, आणि शेजाऱ्याशी कायमचं तोंड फिरवून बसणं परवडत नाही. बांधाच्या भांडणात मोजणीवाला आला की दोघेही कुरकुरत का होईना खुणेचा दगड मानतात, तसंच.

या कायद्याला पोलीस नाही, पण फाटकं आहेत, म्हणजे बाजार, बंदर, बँक, विमा, व्हिसा. जो मानत नाही त्याला कुठल्या ना कुठल्या फाटकावर अडवता येतं. आपल्याकडे वाळीत टाकणं २०१७ पासून गुन्हा आहे (आणि तो असायलाच हवा), देशादेशांत मात्र अजून तेच मुख्य हत्यार आहे. पुतिनविरुद्ध मार्च २०२३ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं, त्या ऑगस्टमध्ये ते जोहान्सबर्गच्या ब्रिक्स बैठकीला गेलेच नाहीत, व्हिडिओवर बोलले. मग सप्टेंबर २०२४ ला मंगोलियाला गेले, मंगोलिया त्या न्यायालयाचा सदस्य असूनही अटक काही झाली नाही. पण फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ ला त्याच न्यायालयाच्या वॉरंटवर मनिलाच्या विमानतळावर धरले गेले आणि त्याच दिवशी विमानाने हेगला रवाना. गादीवर असताना फाटक उघडं आणि गादी गेली की बंद, हे काही फार अभिमानाचं नाही पण शून्यही नाही. (हे न्यायालय वेगळं बरं का. हेगमध्ये दोन्ही आहेत, एकात देश उभे राहतात, दुसऱ्यात माणसं. भारत दुसऱ्याचा सदस्य नाही.)

कुलभूषण जाधवांचं तर तुम्हाला माहीतच असेल, तरी नेमकं सांगते कारण व्हॉट्सॲपवर फार चुकीचं फिरतं. एप्रिल २०१७ ला पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली, ८ मे ला भारत हेगला गेला, १८ मे ला अंतिम निकाल लागेपर्यंत फाशी देऊ नका असा आदेश आला, एवढ्या तातडीने. १७ जुलै २०१९ चा निकाल १५ विरुद्ध १. मुद्दा एकच होता, १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे पकडलेल्या परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीशी बोलू द्यावं लागतं, ते पाकिस्तानने दिलं नाही. कोर्टाने शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा असं सांगितलं. सोडून द्या असं सांगितलं नाही, आपण मागितलं होतं तरी. म्हणून 'आपण जिंकलो' हेही अर्धंच खरं, ते आजही तिथल्या तुरुंगात आहेत. पण फाशी झालेली नाही, आणि त्या एका कलमाशिवाय आपल्याकडे तिथे दार ठोठवायला काय होतं सांगा.

मी एसी-फ्रिज रिपेअरिंग करतो. आर-२२ गॅस महाग होत चाललाय, डीलर म्हणतो बंदच होणार, "वरून ऑर्डर आहे". हे वरचे कोण? – मेकॅनिक, इचलकरंजी

दादा, तुमच्या दुकानातला सिलिंडर म्हणजे या सगळ्या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. वरचे म्हणजे मॉन्ट्रियलचा करार, १६ सप्टेंबर १९८७. जुन्या फ्रिजमधला आर-१२ आठवतो ना, तो आणि त्याची भावंडं वर जाऊन ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ लाच सांगितलं होतं. १९८५ ला अंटार्क्टिकावर थराला पडलेलं भोक शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि दोनच वर्षांत करार झाला. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे, असा करार शोधून सापडत नाही.

तो चालला का, तर पुन्हा तेच फाटक. सदस्य नसलेल्या देशांशी या गॅसचा व्यापार करायचाच नाही अशी अट त्यात घातली, त्यामुळे बाहेर राहणं तोट्याचं झालं. भारत आधी बाहेर होता आणि आपलं म्हणणं रास्तच होतं की भोक तुम्ही पाडलं आणि आमच्याकडे आत्ता कुठे फ्रिज येतायत तर आम्ही का थांबायचं. १९९० ला लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधींनी पैसा आणि तंत्रज्ञान दोन्ही लावून धरलं. सुरुवातीचा फंड १६ कोटी डॉलरचा ठरला आणि भारत-चीन आत आले तर २४ कोटी. १९९२ ला आपण आत गेलो. विकसनशील देशांना वेळही दहा वर्षं जास्तीचा मिळाला. याला मी खरी वाटाघाट म्हणते, नुसतं निषेधाचं पत्रक काढून काय होतं?

तुमचा आर-२२ त्याच करारातल्या दुसऱ्या फळीचा गॅस, आपल्याकडे नव्या मशीनसाठी तो २०२५ पासून बंद आणि एकूणच त्याला २०३० ची मुदत आहे, त्यानंतर जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगपुरता थोडाफार. म्हणजे डीलर थाप मारत नाहीये. पण तो ४१०-ए हा त्यानंतरचा गॅस भरा म्हणत असेल जुन्याच मशीनमध्ये, तर त्याचं ऐकू नका, प्रेशर वेगळं, ऑइल वेगळं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि ४१०-ए वरही पाळी येणारच आहे. तो ओझोनला काही करत नाही पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २००० पटींहून जास्त जोरकस. त्यासाठी २०१६ ला किगालीत याच मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली, भारताने ती २०२१ ला स्वीकारली, आपली कपात २०३२ पासून पायऱ्यापायऱ्यांनी सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायचीय. आर-३२ आणि आर-२९० या पुढच्या गॅसचं ट्रेनिंग आत्ताच करून घ्या, दोन्ही पेट घेऊ शकतात, २९० तर चांगलाच. आणि गॅस हवेत सोडून नवीन भरायची सवय मोडा, रागावू नका पण सगळेच करतात म्हणून सांगितलं.

शास्त्रज्ञांच्या हिशोबाने अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल.

हेगच्या कोर्टाने हवामान बदलावर निकाल दिला म्हणे. पण तो बंधनकारक नाही, मग उपयोग काय? – लॉ करणारी विद्यार्थिनी, पुणे

तुला हे आवडेल, कारण हे सुरू केलं तुझ्यासारख्यांनीच. २०१९ ला पॅसिफिक महासागरातल्या वानुआटू या बेटांच्या देशात साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या २७ लॉच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न जगातल्या सगळ्यात वरच्या कोर्टापुढे न्यायचा. त्यांच्या सरकारने ते उचललं, मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामान वाचवणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, मर्जीची गोष्ट नाही, कोळसा-तेलाला मोकळं रान आणि सबसिडी देत राहणं हा त्या जबाबदारीचा भंग ठरू शकतो आणि नुकसानभरपाईही मागता येऊ शकते. सुनावणीत भारताचं म्हणणं होतं की आहेत त्या करारांपलीकडे नवी ओझी टाकू नका आणि आधी ज्यांनी धूर केला त्यांनी आधी भरा, यातला दुसरा भाग मला पटतो, पहिला तेवढा नाही.

बंधनकारक नाही हे बरोबर. पण सल्ला असला तरी कुठलाही वकील आपल्या देशातल्या कोर्टात तो टेबलावर ठेवू शकतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ लाच, माळढोकच्या केसमध्ये, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये वाचलाय. आता हे दोन कागद जोडून कोण याचिका करतं ते मी बघतेय. तू केलीस तर फी न घेता वाचून देईन.

सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीची केस हेगला गेली होती हे खरं का? – वाचक, सांगली

खरं. ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीतून उडी मारून ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, तिथे फ्रेंच पोलिसाने धरून ब्रिटिशांच्या ताब्यात परत दिलं. फ्रान्समध्ये ओरड झाली की आमच्या जमिनीवरून असा माणूस उचलून नेता येत नाही, आणि दोन्ही सरकारांनी प्रकरण हेगच्या लवादाकडे सोपवलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा, की परत देताना अनियमितपणा झाला, पण त्यामुळे कैदी परत करायचं बंधन ब्रिटनवर येत नाही. तोवर इकडे मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या. आणि मला त्यात सगळ्यात खटकतं ते हे की भांडण फ्रान्स आणि ब्रिटनचं, पंच पाच, आणि ज्याची मान अडकली होती त्याला या केसमध्ये जागाच नव्हती.

मुलगा जहाजावर आहे, आखातात नांगर टाकून उभं आहे. तीन महिने पगार नाही, प्यायचं पाणी मोजून देतात. एजंटने तीन लाख घेतले, आता फोन उचलत नाही. आम्ही कोणाकडे जाऊ? – आई, रत्नागिरी जिल्हा

वहिनी, हे पत्र मी शेवटी ठेवलं ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही, कात्रण काढून ठेवायला सोपं जावं म्हणून. तुम्हाला लगेच वेगळं कळवलंच आहे, पण कोकणातल्या बऱ्याच घरांना हे लागेल.

पहिलं म्हणजे तुमच्या मुलाच्या अवस्थेला कायद्यात नाव आहे, खलाशाला वाऱ्यावर सोडणं. सागरी कामगारांच्या २००६ च्या करारात जानेवारी २०१७ पासून हे स्पष्ट आहे. मालकाने संबंध तोडले आणि दोन महिने पगार दिला नाही, किंवा जेवण-पाणी बंद केलं, किंवा घरी पाठवायचा खर्च टाळला, यातलं एक जरी असलं तरी पुरे. करारातल्या देशांच्या अशा जहाजांना यासाठी विमा काढावाच लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. मुलाला म्हणावं, मेसरूमजवळ (जेवायच्या खोलीजवळ) बघ, मोबाइलवर फोटो काढ. विमा चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी, औषध आणि घरी येण्याचं तिकीट देतो, आणि दावा मालकामार्फत करायची गरज नाही, खलाशी थेट करू शकतो. झेंडा कुठल्या देशाचा आहे तेही विचारा, मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या, एजंट तिसऱ्या, हा खेळ जुनाच आहे.

दुसरं, आज रात्रीच फोन करून सांगा की न वाचता न कळता कुठल्याही कागदावर सही करायची नाही. इजिप्तमध्ये अमान नावाच्या जहाजावर एका सिरियन चीफ ऑफिसरला कोर्टाने जहाजाचा राखणदार ठरवलं, जहाज २०१७ ला अडकलं आणि तो माणूस एप्रिल २०२१ ला सुटला, बाकीचे गेले, शेवटी तो एकटाच, किनाऱ्यावर पोहत जाऊन फोन चार्ज करून यायचा. आणि एजंट 'तिकीट देतो, सगळे पैसे मिळाले असं लिहून दे' म्हणेल तर तेही नाही. खलाशाचा पगार हा जहाजावरचा बोजा असतो. जहाज आपल्या बंदरात आलं तर २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याने मुंबई हायकोर्ट ते जप्त करू शकतं, विकलं गेलं तर त्या पैशात अशा बोज्यांमध्ये पहिला नंबर पगाराचा. जहाजाला अटक हा शब्द ऐकून हसू येतं, पण मालक सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेल तर त्यालाच.

तीन लाखांचं म्हणाल तर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणंच त्या करारात बसत नाही. एजंटचं लायसन्स डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) साइटवर तपासा, सापडलं नाही तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, पण त्या तक्रारीची वाट बघत बाकीचं थांबवू नका. मुंबईत डीजी शिपिंग, तिकडची भारतीय वकिलात आणि खलाशांची आंतरराष्ट्रीय युनियन आयटीएफ, तिघांनाही एकच ईमेल एकाच दिवशी पाठवा. त्यात जहाजाचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाची कायमची ओळख, तो बदलत नाही, नाव तर रंग मारून कितीदाही बदलतात), मुलाचा सीडीसी (खलाशाचं पुस्तक) आणि इंडोस (खलाशांच्या सरकारी नोंदीतला) नंबर, कराराची कॉपी, शेवटचा पगार कधी आला, पाणी किती दिवसांचं उरलंय, आणि अजून किती भारतीय आहेत हे लिहा. सगळ्यांच्या सह्यांचं पत्र निघालं तर अजून बरं. आयएमओ नंबर मिळाला की मलाही टाका.