आधी काय दिसलं ते लिही

प्रिय,

मणि कौलचा ‘उसकी रोटी’ डोक्यातून जात नाही, बाकीचे सिनेमे गोंगाट वाटतात, मला नेमकं काय झालंय, असं तू विचारतेस. काही झालेलं नाही. पण तुझ्या तीन पानांत ‘अस्वस्थ’ जागोजागी आहे आणि बालो कुठेच नाही. फडक्यात रोट्या बांधून, नवऱ्याच्या बसची वाट बघत रस्त्यावर थांबलेली बाई पत्रातून गळतेच कशी?

आधी काय दिसलं ते लिही. अर्थ कुठे पळून जात नाही.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे दिसलेलं, उजवीकडे ऐकलेलं. आठवतील त्या क्रमाने वीस ओळी. विशेषण नको, ‘प्रतीक’ तर नकोच. ‘हात. चेहरा चौकटीबाहेर.’ एवढं पुरे. त्याआधी कुणाचं परीक्षण वाचलंस तर तुला पुढे समीक्षकाचा सिनेमा आठवेल, स्वतःचा नाही. फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँ, चित्रकार अमृता शेरगिल, ध्रुपद गायकी ही नावं मणि कौलच्या बाबतीत खोटी नाहीत, पण त्यांचा नंबर नंतर. त्यातही कौल यांचा ‘ध्रुपद’ हा माहितीपट 1982चा, आणि ‘उसकी रोटी’ हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा, दशकभर आधीचा. पुढचं मागे चिकटवू नकोस.

वीस ओळी झाल्या की दुसऱ्यांदा बघ, आणि या वेळी कॅमेऱ्याची भिंगं बघ. कौल आणि छायालेखक के. के. महाजन (दोघंही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे) यांनी दोनच वापरली, 28 आणि 135 मिलिमीटर. 28मध्ये पुढची बाई आणि मागचा रस्ता दोन्ही स्वच्छ दिसतात, मधलं अंतर ताणलं जातं. 135मध्ये अंतर दबतं, बोटं स्पष्ट असली तर मागचा चेहरा विरघळलेला. सुरुवातीला एक भिंग प्रत्यक्षासाठी आणि दुसरं मनातल्यासाठी असं वाटतं, पुढे ती वाटणी उलटते. तुझा ‘काहीतरी निसटतंय’ हा अनुभव बराचसा तिथून आलाय. त्याला गूढ म्हणून हात जोडू नकोस.

फोनवर मात्र यातलं काही कळणार नाही. त्या पडद्यावर सगळंच सारखं धारदार दिसतं, आणि नेटवरच्या फिकट प्रतीत काळ्याचा राखाडी होतो. वेग वाढवून बघणाऱ्यांशी मी बोलत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पडद्यावर कधी लागला तर रजा टाकून जा.

ही पद्धत कोरडी आहे असं सांगणारे मला पुष्कळ भेटतात. भेटोत. नुसत्या भावना टिपणाऱ्याला वर्षभराने एक चौकट आठवत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, म्हणून हेका सोडत नाही. आधी काय दिसलं ते.

आता तुझ्या लघुपटाबद्दल. पात्रांना सपाट आवाजात बोलायला लावून कॅमेरा दोन मिनिटं लावून ठेवायचा, हा बेत सोड. या सिनेमाचं वेड लागलेले बहुतेक सगळे तिथेच घसरतात. चौकटीत बघण्यासारखं नसेल तर लांबलेला शॉट नुसता लांबतो.

त्यापेक्षा एसटी थांब्यावर जा. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) एपीएस-सी मापाचा आहे, म्हणजे 35 मिमी सिनेफिल्मच्या चौकटीच्या जवळपास. त्यामुळे भिंगांचे आकडे बदलावे लागत नाहीत. त्याहून मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवर 28चं चित्र फारच रुंद येईल. मैत्रिणीला उभी कर. 28वर दोन मीटरवरून फोटो घे. मग 135 लाव आणि चेहरा तेवढाच मोठा दिसेपर्यंत मागे जा, साडेनऊ-दहा मीटर होतील. फोकस दोन्ही वेळा डोळ्यांवर. 28ला भिंगाचं छिद्र बारीक, एफ/11, 135ला भिंग उघडेल तितकं. 135 हातात हलतं, शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस. काळेपांढरेच काढ.

दोन्ही छापून पाठव, पोस्टकार्डाएवढे चालतील. मागच्या बाजूला काय दिसतंय ते लिही. फोनवर पाठवलेस तर बघणार नाही.