पहिल्या वर्षी फुले आली नाहीत म्हणून एकियम उपटू नका

वसंतात पेरलेल्या एकियम व्हल्गेर या निळ्या फुलांच्या झाडाला वर्ष होत आले तरी दांडा फुटलेला नाही, नुसती खरखरीत पाने जमिनीलगत गोल पसरली आहेत, तेव्हा खत द्यावे की झाड काढून टाकावे, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की दोन्ही करू नये. ही वनस्पती द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी ती पाने आणि खोल जाणारे सोटमूळ एवढेच घडवते, कडाक्याची थंडी त्याच अवस्थेत काढते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात दांडा वर काढते.

खताचा मोह तर कटाक्षाने टाळावा. हे झाड मुळात चुनखडीच्या उतारांवर, वाळूत आणि रेल्वेमार्गाच्या कडेच्या खडीत वाढणारे आहे. सकस, ओलसर मातीत ते पानांनी माजते, दांडे लुळे पडतात आणि हिवाळ्यात पाणी साचले तर मूळ कुजते. भरपूर ऊन आणि निचरा एवढे मिळाले की पुरे. जागा बदलण्याचाही विचार करू नये, कारण सोटमूळ एकदा दुखावले की झाड सहसा सावरत नाही. माझी अशी हलवलेली तीन रोपे महिनाभरात गेली.

दुसऱ्या वर्षी मात्र जवळ बसून पाहावे. भुरुंडीच्याच कुळातले हे झाड असल्याने फुलांचे तुरे तसेच विंचवाच्या नांगीसारखे वळलेले असतात आणि उलगडत जातात. कळी गुलाबी असते, फूल उमलता उमलता निळे होते, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन्ही रंग दिसतात. मकरंद फुलाच्या तळाशी असल्याने उन्हात किंवा पावसातही बराचसा टिकतो, म्हणून मधमाश्या आणि बंबलबी (जाडजूड, केसाळ माश्या) दिवसभर येत राहतात. परतणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर गडद निळ्या परागाच्या गोळ्या दिसल्या, तर ती कुठून आली हे सांगायला नको.

फुलून बी धरले की झाड मरते, म्हणून दरवर्षी फुले हवी असतील तर लागोपाठ दोन वर्षे पेरणी करावी. पुढे ते आपल्या बियांनी स्वतःच उगवत राहते. प्रत्येक फुलामागे चार खडबडीत बिया धरतात. त्यांचा आकार सापाच्या डोक्यासारखा भासतो (ग्रीक 'एखिस' म्हणजे विषारी साप, नाव तिथूनच आले). पसारा नको असेल तर बी झडण्याआधी तुरे कापावेत, आणि आपल्या भागात याच्या लागवडीवर बंदी नाही ना, हेही आधी पाहावे, कारण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ते उपद्रवी तणांच्या यादीत आहे. घोडे किंवा गुरे चरतात तिथे तर ते लावूच नये. त्यातील अल्कलॉइड (झाडात तयार होणारी विषारी द्रव्ये) यकृताला घातक असतात. तुरे कापताना जाड हातमोजे घालावेत, कारण त्यावरचे केस कातडीत रुतले की काढता काढता संध्याकाळ होते.