आवक शिक्क्यापासून सुरुवात कर

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पोलीस सुधारणेवरचं तुझं टिपण नीट वाचलं. मेहनत दिसते. शेवटी जो प्रश्न विचारलास, त्याचंच उत्तर आधी देते. तू म्हणतेस, पूर्वार्धात पोलिसांना राजकीय दबावातून मोकळं करा अशी मागणी आहे आणि उत्तरार्धात पोलिसांवर कडक देखरेख ठेवा अशी. दोन्ही एका दमात कसं मागायचं, एक बाजू धरायला नको का? धरू नकोस. जो अधिकारी पुढाऱ्याच्या फोनने बदलीला घाबरतो, तोच टेबलापलीकडच्या गरीब माणसावर डाफरतो, कधी हातही उगारतो, आणि प्रकरण अंगाशी आलं की त्याला वाचवायला पुन्हा तसलाच फोन येतो. पुढाऱ्याची मर्जी आणि सामान्य माणसावरची मुजोरी यांचं मूळ एकच आहे. शिवाजीनगर कोर्टात इतकी वर्षं फौजदारी वकिली करतेय, आरोपींचीही आणि फिर्यादींचीही. त्यातून झालेलं हे मत आहे आणि ते मी तुझ्या गळी उतरवणार आहे.

इतिहास तू लिहिला आहेस, पण घाईत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना रयतेवर वचक ठेवणारं दल हवं होतं, म्हणून आयर्लंडमधल्या पोलीसदलाच्या धर्तीवर १८६१ चा कायदा आला. ते दल राज्यकर्त्याला उत्तर द्यायला उभं केलेलं होतं. हे पोलीस भ्रष्ट आणि जुलमी समजले जातात, असं १९०२-०३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या फ्रेझर आयोगाने सांगितलं. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, तोच आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा. त्याचं कलम ४ काढून बघ. दलावरचं अधीक्षण, म्हणजे वरची देखरेख, राज्य सरकारकडे, एवढंच तिथे आहे. ते कुठवर चालतं आणि कुठे थांबतं, हे त्या कलमात नाही. पुढची सगळी भांडणं त्या मोकळ्या जागेतली आहेत.

आणीबाणीत त्या मोकळ्या जागेचं काय होतं ते देशाने पाहिलं. त्यानंतर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि ते कपाटात गेले. १९९६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात नेले ते कोणी? प्रकाश सिंह यांनी, म्हणजे उत्तर प्रदेशाचे पोलीस महासंचालक राहिलेल्या माणसाने. याचिकेचा निकाल २२ सप्टेंबर २००६ ला लागला. पोलीस सुधारणेसाठी त्यात दिलेले सात निर्देश तुझ्या टिपणात आहेत, परत लिहीत नाही. पण नेमणुकीला किमान दोन वर्षांचा कालावधी आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी स्वतंत्र प्राधिकरण, ही दोन्ही त्या एकाच निकालात आहेत. तुला यात जो परस्परविरोध वाटतो, तो न्यायालयाला वाटला नव्हता.

आता बदल्यांकडे ये, कारण इथे तुझं टिपण पातळ आहे. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने बदल्या ठरवणारी पोलीस आस्थापना मंडळं आणली, ठरावीक कालावधी कायद्यात घातला. त्याच कलम २२-न मध्ये अपवादात्मक परिस्थितीत, सार्वजनिक हितासाठी, प्रशासकीय निकड म्हणून मुदतीआधी बदली करण्याची सोयही ठेवली. कायद्याचं सगळं बळ त्या अपवादात जाऊन बसलं. तुला याची खरी ओळख हवी असेल तर सरकारी नोकरांचे सेवेचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे, म्हणजे मॅटचे, २२-न वरचे निर्णय वाचायला घे. तिथे अर्जदार कोण आहेत बघ. फौजदार, निरीक्षक, हवालदार. ‘माझी बदली मुदतीआधी का केली, मंडळाची बैठक झाली का, इतिवृत्त दाखवा, कारण दाखवा’, असं पोलीस सरकारला विचारत असतात. आणि नेमकं हेच आपण पोलिसांना विचारतो. अटक का केली, कारण दाखवा, नोंद दाखवा. निर्णय वाचताना एक वही कर. कारण काय दिलं होतं आणि न्यायाधिकरणाने ते का मानलं किंवा का मानलं नाही, एवढंच लिहीत जा. काही महिन्यांत तुला सुधारणेवरच्या कुठल्याही परिसंवादापेक्षा जास्त कळलेलं असेल.

लेखी कारण, लेखी नोंद. मला सुधारणा इथे दिसते. तोंडी आदेशावर चालणारं खातं कोणालाच सापडत नाही, ना नागरिकाला, ना न्यायाधीशाला, ना आतल्या प्रामाणिक माणसाला. ‘साहेबांनी सांगितलं होतं’ हे वाक्य साक्षीच्या पिंजऱ्यात काही कामाचं नसतं आणि अशा वेळी बळी जातो तो सगळ्यात खालचा अंमलदार.

पुण्यात माणूस तक्रार घेऊन आधी जातो तो चौकीत. तिथे काय होतं ते तू माझ्या ऑफिसात बसून पुष्कळदा ऐकलं आहेस. ‘अर्ज देऊन जा, बघतो.’ किंवा मारहाणीत डोकं फुटलेलं असताना ‘एनसी घेतो’, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी निकालात २०१३ मध्ये सांगून झालं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, माहिती देण्याची तरतूद आहे. तरी माणूस हात हलवत परत येतो. म्हणून माझा हट्ट. अर्जाच्या दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही. देत नाहीत? मग त्याच दिवशी पोस्टात जाऊन तोच अर्ज ठाण्याला आणि उपायुक्तांना स्पीड पोस्टने, आणि पावती फाइलला. संहितेने नकारानंतर वरिष्ठाकडे लेखी आणि तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे, असा रस्ता ठेवला आहे. पण त्या रस्त्यावर पहिलं पाऊल टाकल्याचा पुरावा आपल्या हातात लागतो. तो शिक्का नसल्यामुळे उभी न राहिलेली प्रकरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली माणसं खरं बोलत होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तुझ्या मित्राच्या प्रकरणात तू केलेला तक्रारीचा मसुदाही पाहिला. ‘अमानुष’, ‘पाशवी’, ‘हुकूमशाही’ हे सगळे शब्द काढ. तुझा संताप खरा आहे, तो राहू दे, पण तक्रारीत वेळ लिही. किती वाजता आत नेलं, कोणत्या खोलीत, ठाणे अंमलदार कोण होता, घरी कोणी आणि कधी कळवलं, अटकेचा पंचनामा झाला का, त्यावर साक्षीदाराची सही आहे का. यांतल्या बऱ्याच गोष्टींची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ मध्येच बंधनकारक केली, म्हणजे प्रत्येक कोऱ्या जागेला उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची. ससून रुग्णालयात तपासणी झाली असेल तर त्या कागदावर जखम किती जुनी लिहिली आहे ते बघ. स्टेशन डायरीतल्या नोंदीची मागणी कर. आणि कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, सगळीकडे आवाजासह चित्रीकरण आणि ते अठरा महिने, अगदीच शक्य नसेल तर निदान वर्षभर, जपून ठेवायला सांगितलं आहे. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घे. कधीपासून बंद, दुरुस्तीसाठी कोणाला कळवलं, हा पुढचा अर्ज.

तक्रार प्राधिकरणाबद्दल तू फार आशेने लिहिलं आहेस. आशा ठेव, पण रचना ओळख. न्यायालयाने जिल्हापातळीवर प्राधिकरण सांगितलं होतं, महाराष्ट्राने ते विभागपातळीवर, म्हणजे अनेक जिल्ह्यांना मिळून एक असं, नेलं. सांगोल्याच्या किंवा चंदगडच्या माणसाने तारखेला पुण्यात यायचं, रोजगार बुडवून. ज्याला मार बसतो तो बहुतेक वेळा हातावर पोट असलेला असतो. कायदा २०१४ चा, तो प्रत्यक्ष कामाला लागायला आणखी वर्षं गेली. प्राधिकरणाकडे स्वतःची तपास करणारी माणसं किती, रिकाम्या जागा किती काळ तशाच राहतात, शिफारशींचं पुढे खात्याने काय केलं, हे माहिती अधिकारात विचारत राहण्यासारखे प्रश्न आहेत. ते कोणीतरी सातत्याने, दरवर्षी, त्याच शब्दांत विचारायला हवेत. ते काम तू घे, असं मला मनापासून वाटतं.

निलंबनाविषयीही दोन शब्द. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्श गाडीच्या अपघातानंतर शहर खवळलं, ते योग्यच होतं. काही दिवसांत दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. असं झालं की लोकांना वाटतं, शिक्षा झाली. चौकशी बाकी असतानाचं निलंबन ही शिक्षा नसते. शिक्षा विभागीय चौकशीनंतर होते, १९५६ च्या शिक्षा व अपिलांच्या नियमांप्रमाणे. ती चौकशी संपते तेव्हा कोणाचाच कॅमेरा तिथे नसतो. कुठल्याही प्रकरणात निलंबनाची बातमी वाचलीस की डायरीत तारीख टाक आणि सहा महिन्यांनी चौकशीचं काय झालं ते विचार.

आणि पोलिसांशी बोल. लॉ कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलं पोलिसांविषयी बोलतात, पोलिसांशी नाही. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी अलका टॉकीजच्या चौकात उभ्या असलेल्या अंमलदाराला विचार, शेवटचं बसला कधी. त्याच ठाण्यातल्या फौजदाराकडे घरफोड्यांचे, फसवणुकीचे तपास असतात. आषाढीच्या पालख्या, मग गणपती, मध्ये कोणाचा तरी दौरा. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही की आरोपी हक्काने जामिनावर बाहेर, आणि फिर्यादी म्हणतो पोलीस विकले गेले. कधी गेलेलेही असतात. पण पुष्कळदा तपास अधिकारी नुसता बंदोबस्तात उभा असतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, असं न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं ते यासाठी. तपासाला वेळ नसला आणि वरून ‘डिटेक्शन’चा, म्हणजे गुन्हा उघडकीस आणण्याचा, तगादा असला की कबुली काढण्याचा जवळचा रस्ता धरला जातो. मारहाणीचं समर्थन मी कधीच करणार नाही. ती कशी घडते हे मात्र तुला माहीत हवं, नाहीतर तुझ्या मागण्या मोघम राहतील.

राहता राहिला दिल्लीच्या संस्थेतल्या नोकरीचा प्रश्न. पगार बरा आहे, जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण पोलीस हा विषय राज्यसूचीतला आहे. कायदा मुंबईत बदलतो, पैसा मुंबईतून सुटतो, मोठ्या अधिकाऱ्यांच्या बदलीचा आदेश मंत्रालयातून निघतो. सरकारने पोलिसांवर गैरवाजवी दबाव आणू नये म्हणून त्या सात निर्देशांत सांगितलेल्या राज्य सुरक्षा आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढे यावा, अशी न्यायालयाची अपेक्षा होती. तो आला का, कधी आला, हा प्रश्न सभागृहात विचारला जाईल एवढं काम पुण्यात बसून करता येतं. पक्ष कोणताही असो, आमदारांना तयार, आटोपशीर, संदर्भ तपासलेला तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न मिळाला तर हवाच असतो. हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, तेव्हा दिवाळीच्या सुटीची वाट बघू नकोस. तीन प्रश्न कर. आयोगाच्या बैठका, प्राधिकरणातल्या रिकाम्या जागा, मुदतीआधीच्या बदल्या. प्रत्येक पाच ओळींच्या आत. मसुदा शनिवारपर्यंत ऑफिसात आणून दे, दुपारनंतर मी मोकळी आहे.

तुझी,
वकील मॅडम