पाऊस-वादळांवर संशोधन करून प्राध्यापक व्हायचंय, हे काम आतून कसं असतं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात बीएससीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. मुसळधार पाऊस, गारपीट, विजा यांवर संशोधन करायचंय, पुढे शिकवायचंय, आणि घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. हे आयुष्य नेमकं कसं असतं, असं विचारलंयस. माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे आहेत, म्हणून 'तू'च म्हणते.

मी नागपुरात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि संशोधन करते ते विदर्भातल्या पावसावर. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल दोन वाईट शब्द येणार आहेत.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं मी अंदाज सांगते. भाजीवाला विचारतो, चौकीदार विचारतो, "मॅडम, आज पाणी येऊन राहिला का?" अंदाज देणं हे सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं काम. माझं काम बहुतेक वेळा पाऊस पडून गेल्यावर सुरू होतं. किती पडला, कुठे पडला, किती वेळात पडला, आणि कागदावर आलेला आकडा खरंच तेवढा होता का. वर्षानुवर्षं हेच चार प्रश्न. ऐकायला कंटाळवाणं वाटतंय ना? एक उदाहरण देते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुला आठवत असेलच. विमानतळावर पहाटे साडेपाचपर्यंत १०६ मिमी नोंदला गेला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं, माणसं दगावली. आता वर्गवारी बघ. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्याच्यावर अत्यंत मुसळधार. म्हणजे १०६ हा आकडा पहिल्याच पायरीवर! याच शहरात जुलै १९९४ मध्ये एका दिवसात ३०४ मिमी पडलाय. २०२३ च्या त्या दिवशी माझ्या फोनवर आलेल्या निम्म्या मेसेजांत 'ढगफुटी' होती, तीही व्याख्येत बसत नाही. ढगफुटीला तासाभरात १०० मिमीच्या आसपास पाऊस लागतो.

मग एवढा हाहाकार कसा? वर्गवारी २४ तासांची आहे आणि तो पाऊस मध्यरात्रीनंतरच्या मोजक्या तासांत कोसळला. हजार चौरस फुटांची गच्ची धर. १०६ मिमी म्हणजे तिच्यावर जवळपास दहा हजार लिटर, एक भरलेला टँकर. हा टँकर दिवसभर ठिबकत राहिला तर नाली तो पिऊन टाकते. पहाटेच्या झोपेत रिकामा केला तर तुमच्या घरात येतो. शहरातल्या प्रत्येक गच्चीचा एकेक टँकर, आणि सगळे एकाच वेळी.

हा 'किती वेळात' मला पहिल्यांदा दिसला तो शाईच्या रेघेत. एमएससीला असताना आम्हाला सायफनवालं स्वयंनोंदणी पर्जन्यमापक दाखवलं होतं. आत फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला आलेख-कागद असतो, त्याला टेकलेली एक पेन. पाऊस साठेल तसा आतला तरंगणारा डबा वर येतो, त्याच्याबरोबर पेनही. १० मिमी भरले की सायफन सगळं पाणी एका दमात ओढून टाकतो आणि पेन धाडकन शून्यावर येते. कागदावर खाली पडलेली प्रत्येक उभी रेघ म्हणजे १० मिमी. आपल्याकडची आठवडाभराची झड असेल तर चढण लांबलचक, आळशी. मुसळधारात रेघा इतक्या खेटून येतात की शाई फुटते आणि भिंग घेऊन मोजाव्या लागतात. असे शेकडो कागद मी मोजलेत. डोळ्यांचा नंबर तिथेच वाढला.

आता माझी फजिती. पीएचडीत मी एक शोध लावला होता. उपग्रहाचा रोजचा पाऊस आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांचा रोजचा पाऊस शेजारी ठेवून पाहत होते. जोरदार पावसाचे दिवस जुळत नव्हते. उपग्रह बहुतेक वेळा एक दिवस आधीच पाऊस दाखवत होता. मी खूश. प्रकरणाचा मसुदा लिहिला, आलेख काढले, तीन महिने घातले. एक दिवस कॅन्टीनमध्ये एका निवृत्त निरीक्षकांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, साडेआठ."

आपल्याकडे रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मोजणीच्या तारखेवर टाकतात. १० तारखेच्या दुपारी पडलेला पाऊस ११ च्या रकान्यात जातो. उपग्रहाचा माझ्याकडचा दिवस ग्रीनिच वेळेचा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होणारा. विदर्भात पाऊस दुपारनंतर आणि रात्री जास्त, म्हणून तो उपग्रहाच्या खात्यात आदल्या तारखेला दिसायचा. शोध गेला, प्रकरण गेलं. आता एमएससीच्या पहिल्याच तासाला मी ही गोष्ट सांगते, आणि दर वर्षी निदान एक जण प्रकल्पात तीच चूक करतोच.

आकड्याचा दुसरा चेहरा घरात पाहिला. माहेर काटोलकडचं, वडिलांची संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. आपल्या राज्यात महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, मग पंचनाम्याचं गाडं हलतं. एका वर्षी रात्रभर धो धो पडला, पऱ्हाटी झोपली, आणि मंडळाच्या यंत्रात आले ६१. वडिलांचा फोन: "तुह्या उपग्रहाले इचार, आमच्या वावरात किती पडला थे." मी त्यांना सांगितलं की पावसाचा एक ढग पाच-दहा किलोमीटरचा असू शकतो, यंत्र मंडळात एका जागी असतं, वावर दुसरीकडे. पलीकडून काहीच आवाज नाही. मग, "म्हणजे आमचं खरं, पण लिहून नाही आलं." संशोधनात याला नमुना-त्रुटी म्हणतात. त्यांची व्याख्या मला जास्त बरी वाटते.

नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको. वर्धमाननगरात छत्री उलटते तेव्हा धरमपेठेत धूळ उडत असते. टोकाचं उदाहरण मुंबईचं: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला सत्तरच्या घरात. आणि आम्ही ज्याच्यावर शोधनिबंध लिहितो तो खात्याचा चौकटींत मांडलेला, १९०१ पासूनचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींचा आहे, म्हणजे एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. अख्खं नागपूर एक-दोन चौकटींत मावतं. सव्वाशे वर्षांचा बदल शोधायला ते सोनं आहे. अंबाझरीच्या त्या रात्रीसाठी ते फारसं कामाचं नाही.

रडार आहे की, म्हणशील. आहे, नागपूरला डॉप्लर रडार आहे आणि गारांचा ढग ओळखायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण पृथ्वी गोल आहे. किरण अर्धा अंश उचललेला असेल तर गडचिरोलीपर्यंत पोचेस्तोवर तो जमिनीपासून अडीच किलोमीटर वर गेलेला असतो, आणि सिरोंच्यावर सहा किलोमीटरच्याही वर. त्याच्याखाली जे घडतं ते रडारला दिसत नाही. जिथे जंगल दाट, रस्ते कमी, नेमकं तिथेच आंधळेपण. तुला संशोधनाचा विषय हवा असेल तर हा एक पडलेलाच आहे.

विषयांची टंचाई नाहीच. मार्च-एप्रिलची गारपीट घे: खालून बंगालच्या उपसागराकडची ओल, वरून पश्चिमेचे कोरडे वारे, जमीन तापलेली, आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं झाडावर. विजा घे: देशात दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, बहुतेक शेतात किंवा झाडाखाली. पावसाळ्यातला आपला मोठा पाऊस उपसागरातून ओडिशा, छत्तीसगड करत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा. २००६ साली बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारताचा १९५१ ते २००० चा पाऊस तपासला तेव्हा फार जोराच्या पावसाचे प्रसंग वाढलेले निघाले, मध्यम पावसाचे कमी झालेले, आणि एकूण सरासरी जवळपास जागच्या जागी. सरासरी बघणाऱ्याला वाटावं काहीच बदललं नाही. वावरातल्या माणसाला मात्र दोन्हीकडून मार: मधे उघडीप, मग एकदम लोंढा.

आता पोटापाण्याचं. एमएससी भौतिकशास्त्रात केलीस तरी चालते, हवामानशास्त्रात केलीस तर बरं. पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे; विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठ, कोचीला कुसॅट, म्हणजे तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र पेपर असतो, तिथे भूगर्भशास्त्राच्या मुलांशी गाठ पडते. पीएचडीला पुण्याची आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था), दिल्लीची आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी. म्हणजे काही वर्षं नागपूर सोडावं लागेल, तयारी ठेव. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं; पाच वर्षं निभतं. पायथन आत्ताच शीक. गणितात विकलक समीकरणं आणि संख्याशास्त्र यांना टाळू नको, बाकी पुढे जमतं.

खरी अडचण पीएचडीनंतर येते. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० पासून सुरू होतं, पण जागा निघायला हव्यात ना! मी आधी चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, आणि एका वर्षीचं मानधन पुढच्या दिवाळीला हातात पडलं. कायम झाल्यावर संशोधन तर सोडच, फाइलीच फार. मूल्यांकन समिती येणार म्हणून मागे आम्ही महिनाभर फोटोंना मथळे लिहिले. त्याच महिन्यात शहरावर दोन झकास वादळं होऊन गेली आणि माझ्या हाती स्टेपलर. घरच्यांच्या बँकेच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. एखादी परीक्षा देऊन ठेवलीस तर त्यात कमीपणा नाही.

खासगीतही कामं आहेत: पीक विमा, वीज कंपन्या, हवामान सेवा. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, व्हीएनआयटीत जलसंपदेवर काम चालतं. पाऊस नीट वाचता येणारा माणूस या सगळ्यांना लागतो.

शिकवण्याचं विचारलंयस. मला संशोधनापेक्षा ते जास्त आवडतं, पण कारण फार उदात्त नाही. मुलं असे प्रश्न विचारतात जे परीक्षक विचारत नाहीत. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि दिवसभर देशभर बातम्या झाल्या. वर्गात मी विचारलं, खरं असेल का? अर्धा वर्ग म्हणाला, नवतपा आहे (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस), असू शकतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शेजारच्या केंद्रावर किती होतं?" नंतर तो संवेदकाचा दोष असल्याचं जाहीर झालं. त्या मुलीला मी प्रकल्पाला घेतलं.

तुला हे काम झेपेल का, ते मला इथून कळणार नाही. तू मात्र एका पावसाळ्यात, जवळजवळ फुकटात तपासू शकतेस किंवा शकतोस. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची काचेची बरणी घे आणि गच्चीवर ठेव, भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोज, वहीत लिही, बरणी रिकामी कर. कोरडा दिवस असेल तर शून्य लिही. शून्य न लिहिणाऱ्यांनी माझे बरेच महिने खाल्लेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकही दिवस चुकवू नको, पोळ्याला गावी जाणार असशील तर शेजारच्या काकूंना सांगून जा. मग सोनेगावचा आकडा शेजारी मांड आणि कुठे जुळत नाही ते बघ. न जुळलेल्या दिवसांकडे पाहून तुला कंटाळा आला की झोप उडाली, ते मला इथेच खाली लिहून कळव.

तारीख कोणती टाकायची ते वर सांगितलंच आहे.